गावी गेलेल्या अकरा जणी

सात महिन्यांत तीनशे बाळंतपणं आणि एकही मूल दगावलं नाही, हे वाचून इरावतीच्या मनात पाल चुकचुकली.

बायका-मुलांच्या आरोग्याच्या कामात तिची अठरा वर्षं गेली होती. मलावी, नेपाळ, मग जिनिव्हा. आता ही नाशिकची बाई इंदूरला, तुकोगंजातल्या संस्थेत मोठी अधिकारी होऊन आली होती. संस्थेचे प्रमुख यशवर्धन म्हणाले, "मॅडम, ही तर अच्छी खबर आहे! खोदत कशाला बसता?"

तिने खोदलं. नोंदवहीत अकरा बायकांपुढे एकच शेरा होता: गावी गेली. दिवस भरलेली बाई गावी कशाला जाईल? सगळे शेरे एकटीचे, अन्नपूर्णा भागातल्या वस्त्या सांभाळणाऱ्या संस्थेच्या आरोग्यसेविकेचे, शारदाचे. इरावती तिच्यासोबत वस्तीत गेली, तर शारदाने तिला भलत्याच गल्ल्यांतून फिरवून आणलं. संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. अकरा जणींपैकी पलकने स्वतःच दार उघडलं.

"गावी? मी कुठेच नाही गेले."

लगेच सासूने तिला मागे ओढलं. तेवढ्यात कुणीतरी फोन केला असावा, शारदा धापा टाकत आली.

"मॅडमजी, माझी नोकरी घ्या, पण हिला काही विचारू नका."

"मूल कुठंय?"

"पोटातच गेलं."

"आणि तुम्ही लपवलंत!"

"लपवलं. खरं लिहिलं की तीन लोक घरी येतात. त्रेचाळीस सवाल! काय खाल्लं, किती ओझं उचललं, दवाखान्यात उशीर का केला. सासू दारात उभी राहून ऐकते. मागच्या वर्षी एकीचं खरं लिहिलं, तर तिला माहेरी धाडून दिलं, तूच लेकरू मारलंस म्हणून."

ते त्रेचाळीस प्रश्न तिनेच जिनिव्हात बसून लिहिले होते.

तरी शंका गेली नाही. स्वतःची कातडी वाचवायला तर ही बोलत नसेल? फोन पर्समध्ये टाकून ती पायरीवर बसली.

"पलक, मी काही लिहीत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग."

पलक उंबऱ्यावर येऊन टेकली. "चार दिवस डोकं फुटत होतं. डोळ्यांपुढे अंधारी. दवाखान्यात गेले तर म्हणे, अजून टाइम आहे, घरी जा. दोन वेळा परत पाठवलं. बीपीसुद्धा नाही पाहिला."

"दोन वेळा?" सासूचा हात दारावरून खाली आला. "मला वाटलं, दवाखान्याच्या नावानं तू राजवाड्याच्या बाजारात फिरून येतेस."

"तुम्ही विचारलंच कुठे?"

पुढच्या पंधरवड्यात इरावती आणि शारदा उरलेल्या दहा जणींकडे गेल्या. सात जणींना त्याच दवाखान्याने परत पाठवलं होतं. अहवालात अकरा मृत्यू गेले. यशवर्धन महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. प्रश्नावली तिने रद्द केली. आता पहिली चौकशी दवाखान्याची होते, आणि तिथे आलेल्या प्रत्येक गरोदर बाईचा बीपी आधी पाहतात.

शारदाची नोकरी राहिली. पण तिने भरलेली माहिती इरावती अजून दोनदा तपासते, आणि ते शारदाला ठाऊक आहे.

"बघा, मॅडमजी, बघून घ्या," ती म्हणते. हसत मात्र नाही.