थांबवायची कळ

१९७९ सालच्या चैत्रात रामसिंग पोहरादेवीच्या यात्रेला गेला आणि वाशीमच्या सूतगिरणीतला कॉम्प्युटर एकट्या भागिरथाच्या हवाली झाला.

केनवडची ही मुलगी गणितात पदवी घेऊन नुकतीच तिथे रामसिंगच्या हाताखाली लागली होती. सूत काढणाऱ्या साच्यांवर, म्हणजे यंत्रांवर, किती धागे तुटले ते मोजणारा प्रोग्राम अर्धा दिवस नीट चाले, मग भलतेच आकडे दाखवू लागे. चूक शोधायला रामसिंगने तपासणीचा वेगळा प्रोग्राम लिहिला होता. आकडे बिघडले की चालता प्रोग्राम जागीच रोखायचा आणि त्याच्या मेमरीत काय आहे त्याची यादी पडद्यावर पाहायची. निघताना त्याने बजावलं होतं, "यादी चालू असताना थांबवायची कळ दाबू नको. सारंच बंद पडते."

दुसऱ्याच दुपारी आकडे बिघडले. भागिरथाने प्रोग्राम रोखला, यादी मागवली. ओळी खालून येऊ लागल्या आणि वाचून व्हायच्या आत वर नाहीशा होऊ लागल्या. हवी ती ओळ दिसल्यासारखी झाली, आणि तिचं बोट आपसूकच त्या कळीवर गेलं. यादी थांबली, तिच्यासोबत तपासणीही गेली आणि सकाळपासून चाललेला प्रोग्रामही.

व्यवस्थापक फूलचंदजी दारात उभे होते. "काय झालं, बाई?"

"चूक हाती आली होती. म्याच घालवली."

"रामसिंग आल्यावर पाहू. कायले जिवाले लावून घेता?"

ते गेले, पण तिला स्वस्थ बसवेना. रामसिंगच्या कामाला हात लावायचा म्हणजे त्याला विचारायला हवं होतं. तरी तिने तपासणीच्या मूळ प्रोग्रामची प्रत काढून बाजूला ठेवली आणि दुसऱ्या प्रतीवर काम सुरू केलं.

आधी यादी पडदाभर दाखवून थांबेल असं केलं. कुठलीही कळ दाबली की पुढचा पडदा. मग थांबवायच्या कळीचा अर्थ बदलला. ती दाबली की नुसती एक खूण नोंदवायची, आणि प्रत्येक ओळीनंतर ती खूण पाहून यादी सोडून द्यायची. पण पडदा भरल्यावर प्रोग्राम नुसती पुढच्या कळीची वाट पाहत बसे, खुणेकडे बघेचना. तिथेही बघायला लावलं, तर पुढची यादी पहिल्याच ओळीत संपली. जुनी खूण पुसायची राहिली होती! भागिरथा एकटीच हसली.

रामसिंग परतला तेव्हा तिने सारं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"माह्यासाठी थांबाचं होतं."

"तुमची प्रत जशीच्या तशी हाये, भाऊ. हे एकदा पाहून घ्या. नाई जमलं तर पुसून टाका."

आकडे पुन्हा बिघडले. मग रामसिंगने स्वतःच प्रोग्राम रोखून तिच्या प्रतीवर यादी मागवली आणि अर्ध्या पडद्यातच ती कळ जोरात दाबली. यादी थांबली. तपासणीचा प्रोग्राम पुढच्या हुकमासाठी तयार होता. रोखलेला प्रोग्राम होता तसाच होता.

तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि दोघं एकेक पडदा सावकाश वाचू लागली. एका जुन्या साच्यावर धागे इतके तुटत की त्याचा आकडा मेमरीतल्या आपल्या जागेत मावेनासा होऊन शेजारच्या साच्याच्या जागेत शिरत होता.

"जागा म्याच कमी ठेवली," रामसिंग म्हणाला. जरा वेळाने त्याने विचारलं, "अकोल्याच्या गिरणीत असंच मशीन हाये. तिथल्या लोकायले हे दाखवाले जाशील?"

"मी? तुमी काहून नाई?"

"खुणेचं ते तुह्या डोक्यातून आलं. मले तेवढं नीट सांगता येणार नाई."

पुढच्या सोमवारी भागिरथा अकोल्याच्या एस.टी.त बसली. मेडशी मागे पडलं तरी तिचं ठरत नव्हतं, आधी काय सांगावं. शेवटी तिने ठरवलं, कळ दाबून सगळं घालवलं तिथूनच सुरुवात करू. म्हणजे समोरचे लोकही आपल्या चुका मोकळेपणी सांगतील.