दोघांत एकच कोट

“चिरली ती चिरलीच. कुणी हीटरच्या तोंडाशी नेऊन ठेवली, ते आता कशाला बोलायचं!”

मित्रांनो, डेनिस हे पुटपुटला तेव्हा त्याची हनुवटी माझ्या खांद्यावर होती आणि त्याची बायको लुर्डस शेजारीच डुकराच्या मटणाचं सोरपोतेल ढवळत होती. तिला ऐकू जाईल एवढ्या बेतानेच तो पुटपुटला. मी एक जुनी गिटार आहे. मला कान नाहीत, पण पोट पोकळ असलं की सगळंच आत येऊन घुमतं.

माझा जन्म मुंबईतल्या एका छोट्या कारखान्यातला. डेनिसने मला वसईला नेलं ते लुर्डसवर छाप पाडायला. आमचं गाणं एकच. इंग्रजी, गुराख्यांच्या मुलखातलं, संथ. म्हातारा-म्हातारी बर्फातून घोडागाडीने घरी निघालेत, दोघांत कोट एकच, आणि तो म्हणतो, तू पांघर, मला थंडी वाजतच नाही. डेनिस-लुर्डस दोघांनीही बर्फ पाहिलेला नव्हता. लग्नाच्या मांडवात घामाने निथळत डेनिस ते गायला आणि लुर्डस रडली. मग दर जानेवारीत, लग्नाच्या वाढदिवसाला, जेवणाआधी ते गाणं ठरलेलंच. एका वर्षी भांडण होऊन ती पाठ फिरवून बसली होती, तरी तिचा पाय ठेका धरत होता.

वसईच्या पावसाळ्यात माझं लाकूड फुगायचं, जोड सुटायचे. लुर्डस मला चुलीशेजारच्या भिंतीला टांगायची. “थंडी लागली काय गो तुला?” असं मलाच विचारायची. त्या उबेवर मी अर्धं आयुष्य काढलं. गावातलं एकही लग्न माझ्यावाचून झालं नाही.

२००८ साली त्यांच्या लेकीने, फियोनाने, आम्हाला कॅनडात, मिसिसागाला आणलं. मला सामानात टाकलं, ते असो. हिवाळ्याच्या तोंडावर डेनिसच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली. बोलणं परत आलं, खरखरीत. गाणं परत आलं का, हे घरात कुणी विचारलं नाही. “विंटर ड्राय असतो, डॅडी, त्यानेच होतं,” फियोना म्हणायची आणि विषय ग्रोसरीवर न्यायची.

त्याच थंडीत लुर्डसने मला बेसमेंटमध्ये, गरम हवा फेकणाऱ्या जाळीशेजारी उभं केलं. जुनीच माया. तिला काय ठाऊक, तिकडे जी ओल माझी वैरीण होती, तीच इथे माझं औषध आहे! वाळत वाळत एका सकाळी मी चिरले, पार खालपर्यंत. डेनिसने पाहिलं. मला वाटलं, आता हा ओरडणार. मित्रांनो, त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटका होती.

त्या जानेवारीत गाणं झालं नाही. “गिटार चिरली ना,” तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. लुर्डस माझ्या पेटीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, “माझ्यामुळे गो.” वर्षभर मी ते पोटात घेऊन पडून होते. तारांचा ताण सोसतो, हा सोसेना.

यंदा फियोनाने मला गुपचूप दुरुस्त करून आणलं. कारागिराने फट बुजवली, पोटात ओला स्पंज घातलेली डबी ठेवली. मित्रांनो, ज्याला जपता, त्याला ऊब हवी की ओल, एवढं तरी विचारत जा. लाकूड बोलत नाही. माणसंही कुठे बोलतात म्हणा.

आज लग्नाच्या वाढदिवसाला डेनिसने तारा जुळवल्या. सूर चोख लागला. मला कळलं, त्यालाही कळलं. तरी तो ते ‘चिरली ती चिरलीच’ पुटपुटलाच.

लुर्डसचा ढवळता डाव थांबला. गॅस बंद करून ती अ‍ॅप्रनला हात पुसत आली.

“खरंय. तुझं गाणं मी मोडलं, डेनिस. देवाला पण तेच सांगीन.”

“ममा, स्टॉप! इट्स फिक्स्ड,” फियोना म्हणाली. “डॅडी, टेल हर ना.”

डेनिसने माझ्या तारा छेडल्या. आवाज स्वच्छ निघाला, घरभर गेला. गाण्याची पहिली ओळ यायची ती जागा आली आणि तशीच गेली. त्याने पुन्हा छेडलं. पुन्हा ती जागा रिकामी. मग त्याने माझ्यावर तळहात ठेवून मला गप्प केलं.

“गिटार बरी आहे गो,” तो म्हणाला. “आवाज माझा गेलाय. तो आता येणार नाय.”