आक्काला आणायची गाडी

मालन साठीला टेकल्यावर गाडी चालवायला शिकली ती हौस म्हणून नव्हे, आक्काच्या डोळ्यापायी. तिची थोरली बहीण हौसा, म्हणजे आक्का, दाभोळला एकटी राहते. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पांढरा झाला, डावा त्याच वाटेला लागला, पण ऑपरेशनचं नाव काढलं की बाईच्या अंगात कणकण यायची. कधी सुकत घातलेल्या मासळीची राखण, कधी कौलं शाकारायची, कधी नुसतंच 'आता नको'. मालन फारच मागं लागली तेव्हा आक्कानं शेवटचं पान टाकलं.

"तू स्वतः गाडी चालवत मला न्यायला ये. त्या दिवशी येते. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी पाय ठेवायची नाही."

मालन लहानपणी विहिरीत डोकावायलाही घाबरायची, सायकलच्या मागं बसवली तरी गळा काढायची, हे आक्काला पक्कं ठाऊक. म्हणजे ही काही गाडी शिकत नाही आणि आपल्या डोळ्याला कुणी हात लावत नाही. आक्का निर्धास्त झाली.

आणि मालन शिकली की! क्लासचा मास्तर रोज 'काकू, क्लच, काकू, क्लच' करून घसा बसवून घ्यायचा, पण शिकली. लायसन्सवरचा फोटो बघून स्वतःच म्हणाली, ही बाई कुणाच्या तरी कोंबड्या चोरून आल्यासारखी दिसते. मग तिनं रत्नागिरीच्या डॉक्टरांकडून आक्कासाठी तारीख घेतली, तुळशीचं लग्न झाल्यानंतरची, आणि दाभोळला फोन करून कळवून टाकली.

आता राहिले आप्पा. मालनचा नवरा. जन्म मालवाहू जहाजांच्या डेकवर काढून घरी आलेला खलाशी, आणि जहाज सुटलं तरी जहाजी स्वभाव सुटला नव्हता. घर भाट्याला, समुद्राच्या तोंडावर. इथली खारी हवा लोखंडाला सुखानं जगू देत नाही आणि आप्पा त्या हवेला सुखानं जगू देत नाहीत. दाराच्या बिजागऱ्या, विहिरीचा रहाट, खिडकीचे गज, सगळ्याला त्यांचा तेलाचा हात रोज फिरायचा. सेकंडहँड लाल गाडी त्यांनीच मालनसाठी हुडकून आणली होती. मात्र बायको टेस्ट पास होऊन पेढे घेऊन आली त्याच संध्याकाळी ते बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन म्हणाले, ब्रेक बरोबर नाहीत.

त्यात तथ्य नव्हतं असं नाही. दाभोळला गाडीनं जायचं म्हणजे आरे-वारेचे चढउतार आणि वाटेत दोन खाड्या. दोन्हीकडं गाडी फेरीबोटीत घालावी लागते. बोटीत जायचा उतार सिमेंटचा, सदा ओला, शेवाळ धरलेला, आणि त्याच्या टोकाला बोट नसेल तर नुसतं पाणी. तिथं ब्रेकनं दगा दिला तर गाडी सरळ खाडीत. म्हणून ब्रेक नवे घालायचे ठरले. मालननंही मान डोलावली. तिला काय ठाऊक, की ब्रेक निवडणं म्हणजे घरात सून निवडण्यापेक्षा मोठं काम निघेल!

मुंबईत नोकरीला असलेला मुलगा ऋत्विक फोनवर म्हणाला, ब्रेकच्या चाकाआतल्या चकत्या, म्हणजे डिस्क, भोकं पाडलेल्या घ्या, शर्यतीच्या गाड्यांना असतात तशा. आप्पा म्हणाले, तुझी आई काय शर्यतीला चालली आहे? त्या भोकांत इथली तांबडी माती बसेल आणि मग मी दातकोरणं घेऊन बसू का? शिवाय ब्रेकचे रबरी पाईप त्यांना चालेनात, ते फुगतात. वरून स्टीलच्या तारेची जाळी असलेले आणले, तर ती जाळी बघून त्यांचा जीव आणखी खाली-वर. तारेचा दोर बाहेरून चकचकीत दिसतो आणि आतून कुजतो, हे त्यांनी जहाजावर बघितलेलं. शेवटी जाळीवर प्लास्टिकचं वेष्टण असलेले पाईप सापडले. डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरणाऱ्या पॅडचं तर विचारूच नका. गॅरेजवाला विनोद आप्पांची स्कूटर दिसली की शटर ओढायच्या बेतात यायचा.

दिवस चालले होते. डॉक्टरांची तारीख जवळ आली. मालनच्या मनात एक शंका वळवळायला लागली, आणि ती काही केल्या जाईना. या माणसाला मी जायला नको आहे. तोंडानं नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून हा खोडा. तिनं विचारलं नाही. तिला उत्तराची भीती वाटत होती.

अखेर ऋत्विकनं धाडलेली महागडी पॅडं, साध्या बिनभोकांच्या डिस्क आणि ते पाईप असं सगळं पुढच्या दोन चाकांना बसलं. विनोदनं हात जोडले. आता निघायला अडचण नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मालननं गाडी जराशी फिरवून बघायची म्हणून चालू केली. घरापुढच्या अंगणातून, खळ्यातून, फाटकाकडं उताराची वाट आहे. आप्पा फाटक उघडून उभे राहिले.

उताराला लागताच मालननं ब्रेकवर पाय ठेवला. पाय घट्ट बसला, पण गाडी आपली चाललीच. तिनं सगळा जोर लावला. मागची चाकं कुरकुरली, पुढची लोण्यावरून घसरावी तशी घसरत राहिली, आणि समोर आप्पा. मालननं स्टेअरिंग वळवलं, हँडब्रेक खेचला आणि गाडी चिऱ्याच्या गडग्याला, कुंपणाच्या बुटक्या भिंतीला, जाऊन टेकली. बंपर चेमटला. दोघांना काही झालं नाही.

मालन खाली उतरली. चाकातून धूर येत होता आणि धुराला वास होता. गाडीला असला वास येतो हे तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, पण वास ओळखीचा होता, पार माजघरातला. ती वाकली, चाकाच्या फटीतून डिस्कच्या कडेला बोट लावलं आणि हुंगलं.

खोबरेल. तिच्या स्वतःच्या नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं खोबरेल. न्हाणीघरातली बाटली दोन दिवस खाली खाली जात होती आणि ती मनात म्हणत होती, बरं झालं, या वयात का होईना, हे डोक्याला तेल लावायला लागले!

मग मात्र तिचा तोल गेला. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं.

"तुम्हाला मी जायला नको होतं ना? मग सरळ सांगायचं होतं तोंडानं. ब्रेकला तेल लावून मला मारायला निघालात?"

आप्पांचा चेहरा धुतल्या फडक्यासारखा झाला होता. ते गडग्यावर बसले.

"डेकवर माल चढवायच्या विंचच्या ब्रेकला कुणी तेलाचा हात लावला असता, तर मी त्याला लाथ घातली असती," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं गो. पण काल सकाळी बघितलं, तर नवीकोरी डिस्क दवानं लाल झालेली. एका रात्रीत. आणि त्याच्या भरवशावर तू दोन खाड्या ओलांडणार. तुझ्या गाडीवरचा गंज मला बघवेना. हात आपोआप बाटलीकडं गेला."

मालन बघत राहिली. या माणसानं तिला अनेक बंदरांतून साड्या आणल्या, घड्याळं आणली, पण तुझ्यासाठी माझा जीव खालीवर होतो असं काही कधी म्हटलं नव्हतं. आज म्हणाला तो चेमटलेल्या बंपरसमोर बसून. तिला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसाचं तोंड कसं होतं ते तिचं झालं. ती त्याच्या शेजारी गडग्यावर जाऊन बसली आणि त्याचा तेलकट हात आपल्या पदराला पुसला. पदर खराब झाला तो झाला.

विनोद आला. वास घेतला आणि हसून हसून खळ्यातच बसला. हसून झाल्यावर त्यानं सांगितलं की डिस्क धुऊन निघतील, पण पॅडं तेल प्यायली आहेत, ती टाकायची. ऋत्विकची ती महागडी पॅडं गेली. आता परत निवडायचं म्हणताच आप्पा उठले, चष्मा शोधायला लागले. मालननं त्यांना परत खाली बसवलं. पाय माझा पडणार आहे, म्हणाली, मीच निवडते.

तिनं विनोदला एकच गोष्ट विचारली, चाक थंड असताना कुठलं पॅड लवकर धरतं? बोटीच्या रांगेत गाडी उभी राहून गार पडते आणि मग तो उतार येतो, म्हणून. ऋत्विकच्यासारखी शर्यतीची पॅडं तापल्यावर धरतात, आपली साधी लगेच धरतात, असं विनोद म्हणाला. मग साधी द्या. झाली निवड. विनोदनं आप्पांकडं बघितलं, आप्पांनी नारळाच्या झाडाकडं.

बसवून झाल्यावर संध्याकाळपर्यंत तिनं भाट्याच्या पुलावरून गाडी इकडून तिकडं नेली, हळूहळू ब्रेक दाबत, नवी पॅडं डिस्कवर बसेपर्यंत. आप्पा शेजारी होते.

निघायच्या दिवशी पहाटे डिस्क पुन्हा दवानं लाल झाली होती. आप्पांनी बघितली. त्यांचा हात खिशातल्या फडक्याकडं गेला, तसाच थांबला, आणि ते मुकाट्यानं गाडीत जाऊन बसले. मालननं खळ्यातच गाडी जराशी पुढं घेऊन ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. खरखर झाली आणि डिस्क आरशासारखी निघाली. गंज एवढाच होता.

आरे-वारे गेलं, गणपतीपुळ्याला तिनं गाडीतूनच हात जोडले, जयगडची खाडी झाली, मग धोपाव्याला दुसरी. प्रत्येक उताराला आप्पांचा उजवा पाय शेजारच्या मोकळ्या जागेत ब्रेक दाबत होता. मालनला दिसत होतं. तिनं दाबू दिला.

दाभोळच्या धक्क्यावर आक्का उभी होती. हातात पिशवी नव्हती. मालन खरंच चालवत येते आहे यावर तिचा विश्वासच नव्हता, ती खात्री करायला आली होती. गाडी थांबली तशी चाचपडत चालवणाऱ्याच्या बाजूला आली, खिडकीतून हात आत घातला आणि मालनचं मनगट धरलं. बांगड्या चाचपल्या. आईच्या पाटल्या मोडून दोघी बहिणींनी वाटून घेतलेल्या त्या बांगड्या होत्या.

"तूच गो," आक्का म्हणाली. "आता मला यायलाच लागणार."

घरी जाऊन पिशवी भरली, दाराला कुलूप घातलं. परत निघताना आप्पा आपणहून मागं बसले आणि आक्का पुढं. धक्क्याच्या उतारावर बोटीच्या माणसानं हात वर करून थांबायची खूण केली. बोट अजून लागत होती. पुढं ओलं सिमेंट, शेवाळ, त्याच्या खाली खाडीचं पाणी.

आक्कानं दाराची मूठ घट्ट पकडली होती. तिला समोरचं धड दिसत नव्हतं, पण गाडी पुढं झुकली आहे हे कळत होतं. तिनं विचारलं, उतार आला का? मालन म्हणाली, आला. मग, पाण्यात जात नाही ना आपण? ती हे खाडीचं नव्हे, डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारत होती, आणि मालनला ते बरोबर कळलं.

"मी ब्रेकवर पाय ठेवला आहे, आक्का. बघ, हलते का गाडी?"

आक्का श्वास रोखून बसली. गाडी हलत नव्हती. मागच्या सीटवर आप्पांनी हळूच पायातल्या चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. थोड्या वेळानं आक्कानं दाराची मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवले.