संगमाहून परत आलेला तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, मला कानाशी धरून हलवू नका. आत टक् असा आवाज होतो आणि तुम्ही हसता. "संगमाचं पाणी आटून खडे झाले," म्हणता. माझ्या पोटात खडे नाहीत. जे आहे ते मला ठाऊक आहे, आणि माझ्याशिवाय ज्या बाईला ठाऊक होतं ती आता नाही. म्हणून आज तोंड उघडायची वेळ आली. खरं तर माझं तोंड उघडत नाही, हीच सगळी रड आहे.

उदगीरच्या बाजारात एका कासाराच्या दुकानात मी टांगलेला होतो. पितळेचा, गोल पोटाचा, अरुंद गळ्याचा, वर आट्यांचं घट्ट झाकण. प्रवासात पाणी सांडू नये म्हणून माणसांनी काढलेली ही युक्ती. घरातले साधे तांबे जन्मभर मोरीपासून चुलीपर्यंत जातात. आम्ही गावं बघतो. त्याचा मला तोराही होता, खोटं कशाला बोलू?

मलप्पा वाण्यानं मला लग्नाच्या वर्षी विकत घेतलं आणि तिथंच गळ्यावर नाव घालून घेतलं, 'मलप्पा गुरुपादप्पा, उदगीर'. नवी नवरी महानंदा रुसली. माझं नाव का नाही, म्हणाली. मलप्पा हसून म्हणाला, "नाव हरवणाऱ्या वस्तूवर घालतात. तू कुठं हरवणार हायेस?"

महानंदाचं माहेर भालकीकडचं. नवराबायको बाहेर मराठी बोलत आणि घरात एकमेकांशी कानडी. ऐकून ऐकून मीही शिकलो. नीरु म्हणजे पाणी. इल्ला म्हणजे नाही. कै म्हणजे हात. हा शेवटचा शब्द तेवढा लक्षात ठेवा.

त्यांना मूलबाळ झालं नाही, पण संसार गोड होता. सकाळी आंघोळ झाली की दोघं कपाळाला विभूती लावून शेजारी शेजारी बसत, गळ्यातलं आपापलं लिंग डाव्या हाताच्या तळव्यावर घेत आणि पूजा करत. लिंगायताचा देव देवळात नंतर, आधी गळ्यात. तो जन्मभर अंगावरून उतरत नाही. आणि माणूस गेला की त्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, त्याचं लिंग त्याच्याच तळहातावर ठेवतात आणि मातीआड करतात.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुकानात विकायला माल नव्हता आणि घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. लोक रेशनच्या लाल मिलो ज्वारीवर दिवस काढत होते. गावोगाव सरकारी कामं निघाली होती, पण ओळखीच्या माणसांसमोर वाण्यानं डोक्यावर टोपली कशी घ्यायची? मलप्पाला लाज वाटली. तो मला खांद्याला अडकवून पार हिमायतनगरकडे गेला, तलावाच्या कामावर. तिथं त्यानं कपाळाची विभूती पुसली. आडनाव सांगितलं नाही, जात सांगितली नाही. सगळे त्याला मल्लू म्हणत. लिंग मात्र बंडीच्या आत, चांदीच्या डबीत, छातीशी होतं.

एका सकाळी मुरूम ढासळला. मी वर झाडाच्या सावलीत भरून ठेवलेला होतो. मलप्पा खाली होता.

त्या टोळीचा मुकादम ग्यानोबा. माणूस देवासारखा. माझ्या गळ्यावरचं नाव वाचून घेऊन, विचारत विचारत तो उदगीरला आमच्या दारात आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"माय, हा तांब्या तुमच्या माणसाचा हाय का?"

महानंदानं मान हलवली. त्यानं अडखळत सगळं सांगितलं.

"नात्यागोत्याचं कुणी न्हवतं, म्हून म्याच अग्नी देलो, माय. लाकडाचा लई दुष्काळ हाय, पर कमी पडू देलं न्हाई. पार राख होईस्तोर बसून राहिलो. अन् हे त्याच्या गळ्यातलं तावीज. जळू नये म्हून आधीच काढून ठेवलं होतं."

तावीज! त्यानं फडक्यातून ती चांदीची डबी काढून तिच्यासमोर धरली. महानंदानं ती डाव्या तळव्यावर घेतली. मग तिच्या तोंडून कानडीत निघालं, "कै इल्ला." हात नाही. देव परत आला होता, पण तो ज्या हातावर बसायचा तो हात जळून गेला होता.

"काय म्हणलात, माय?" ग्यानोबानं विचारलं.

"काई न्हाई, भाऊ. लांबून आलात, पाणी प्या."

तिनं त्याला एका शब्दानं दुखवलं नाही. कुठल्या तोंडानं दुखवणार? परक्या माणसासाठी त्यानं दुष्काळात लाकडं गोळा केली होती. आणि ज्यानं आपली ओळख पुसली तो आमचाच माणूस होता.

मठातले स्वामी म्हणाले, "देह गेला. आता लिंग गंगेत सोडा, वाहत्या पाण्यात. लिंगाविना जीव भटकतो, आणि जिवाविना लिंगही." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. महानंदानं डबी माझ्या पोटात ठेवली, फिरकी आवळली आणि मला घेऊन नांदेडला गेली. घाटावर उभी राहिली तर खाली नुसती वाळू. बाया झरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या.

"कुठं सोडू तुमाला?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. आम्ही तसेच परत आलो.

तेव्हापासून तो आवाज सुरू झाला. मी फळीवर असायचो. भर दुपारी, गल्ली सामसूम झाली की कुणीतरी बंद दुकानापुढं थांबून हाक मारायचं, "वाणी हायेत का?" आणि माझ्या पोटात टक्. मला कुणी हलवलेलं नसायचं. मी फळीवर पक्का बसलेला असायचो. महानंदा आतून धावत यायची, माझ्याकडे बघायची आणि पदर तोंडात कोंबायची. मला भीती वाटली हे कबूल करतो. माणसाला भुतानं झपाटलं तर तो देवऋष्याकडे जातो. तांब्यानं कुठं जायचं?

पुढच्या साली पाऊस झाला. गंगा दुथडी वाहिली. पण आता महानंदाच निघेना. आज पाहुणे आहेत, उद्या अमावास्या आहे, असं करत वर्षं गेली. घरात कानडी बोलायला आता माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ती माझ्याशी बोलायची. अदबीनं, नवऱ्याशी बोलावं तशी.

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली तिचा चुलत दीर बसवंत यात्रेची गाडी काढायच्या उद्योगाला लागला. लातूरला वाढलेला, मराठीच बोलणारा, हौशी माणूस. जिल्हा झाल्याच्या आनंदात त्यानं गाडीच्या पाटीवर 'जि. लातूर' असं रंगवून घेतलं होतं. खालचं उस्मानाबाद मात्र पुसलं तरी दिसतच होतं.

"वहिनी, चला," तो म्हणाला. "गंगा इथं आटती. ती आटतच न्हाई तिथं नेतो तुमाला. समुद्राला मिळती तिथं. महादेवाची लई जुनी देवळं हायेत तिकडं. अन् दादाचं तेवढं राहिलंय, ते करून टाका. त्याचा जीव मोकळा होऊ द्या. तुमचाबी."

महानंदा हो म्हणाली. मी सुटकेचा श्वास टाकला.

देगलूर ओलांडून गाडी तेलंगणात शिरली आणि पुढं पुढं पाणी वाढत गेलं. गंगेच्या मुखाकडचा तो मुलूख बघायला आमची माणसं गाडीच्या खिडक्यांशी दाटली. जिकडे बघावं तिकडे कालवे, भाताची खाचरं, नारळी. दारादारात होड्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी उगाच वाहून चाललेलं. देगलूरला गाडीत बसलेली, तेलुगू येणारी नागुबाई तर रडायला लागली. "याच्यातलं हंडाभर आमच्याकडं येतं तर काय बिघडत होतं?" म्हणाली.

तिथल्या द्राक्षाराम गावच्या महादेवाचं लिंग दोन मजले उंच. खालून पायाशी दर्शन घ्यायचं, मग जिना चढून माथ्याशी. पुजारी तेलुगूत गोष्ट सांगत होता आणि नागुबाई ती मराठीत करून सांगत होती. तारकासुराच्या गळ्यात लिंग होतं. ते गळ्यात होतं तोवर त्याला कुणी मारू शकत नव्हतं. कार्तिकस्वामीनं आधी ते लिंग फोडलं, त्याचे पाच तुकडे केले, तेव्हा कुठं तो मेला. तुकडे पडले त्या पाच जागी ही देवळं झाली.

सगळ्यांनी हात जोडले. महानंदा पुढं झाली.

"नागुबाई, त्यांना विचारा की, अन् ज्याचं लिंग फुटलंच न्हाई, त्याचं काय?"

नागुबाईनं विचारलं. पुजाऱ्याला वाटलं, म्हातारी कोडं घालतेय. तो मान मागं टाकून हसला आणि काहीतरी बोलला.

"ते म्हणतेत," नागुबाई म्हणाली, "मग तो मेलाच न्हाई."

त्या देवळात, त्या गर्दीत, महानंदाच्या काखेत असताना माझ्या पोटात टक् झालं. तिनं मला छातीशी घट्ट धरलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

संगमावर वारा सुटला होता. एकीकडून गंगा येत होती, तांबूस आणि शांत. समोरून समुद्र येत होता. महानंदा कमरेएवढ्या पाण्यात गेली. बसवंत काठावरून ओरडत होता, "बास वहिनी, तिथंच सोडा!" तिनं माझी फिरकी उघडली. कित्येक वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला. तिनं डबी तळव्यावर घेतली आणि कानडीत म्हणाली, "जा आता." लाट आली. तिचे डोळे मिटले, बोटंही मिटली. लाट गेली तरी बोटं उघडली नाहीत. मग तिनं डबी परत माझ्यात टाकली, लाटेचं खारं पाणी शिरलं होतं त्यासकट, आणि मी चेपेन इतक्या जोरानं फिरकी आवळली.

"सोडलं?" बसवंतनं विचारलं.

"सोडलं."

जन्मात तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं. आवाज कसला म्हणून कुणी विचारलं की ती सांगायची, "शिंपला हाय संगमाचा." फिरकी तिनं पुन्हा कधी उघडली नाही. उघडलं तर ते जातील, असं तिनं मनात धरलं होतं. जेवताना मला पाटाशेजारी ठेवायची. लोक म्हणायचे, किती भक्ती आहे संगमाच्या पाण्यावर! खाऱ्या पाण्यानं माझ्या आट्यांवर हिरवा थर चढत गेला आणि झाकण गळ्याशी एकजीव झालं. किल्लारीच्या भूकंपात मी फळीवरून पडलो, पोटाला पोचा आला, तरी ते ढळलं नाही.

त्याच सुमाराला मला एक सवय लागली. ती "ओ" म्हणून हाक मारायची, आणि मला आतून वाटायचं, ओ द्यावी.

बसवंत गेला. त्याचा मुलगा वीरण्णा आणि सून नीलाबाई म्हातारीला सांभाळू लागले. पोरं चांगली. कानडी मात्र दोघांनाही येत नव्हती. शेवटच्या आजारात महानंदाची मराठी आधी गेली. म्हातारपणी असंच होतं म्हणतात, मागून आलेलं आधी जातं. एके दिवशी तिनं उजवा हात उचलला, माझ्याकडे दाखवला आणि म्हणाली, "कै... कै..."

नीलाबाई खाली वाकली. "काय? काय पाह्यजे, मोठ्या आई?"

"कै."

"काय म्हणताव? पाणी? संगमाचं पाणी?"

हात म्हणतेय गं ती, हात! त्यांना माझ्या हातात द्या म्हणतेय! मी फळीवरून ओरडत होतो. टक् टक् टक्. नीलाबाईनं मला काढलं, फिरकी फिरवून बघितली. वीरण्णानं ओल्या फडक्यात धरून जोर लावला, दाराच्या फटीत धरून पिळलं. हललं नाही. शेवटी माठातलंच पाणी चमच्यानं तिच्या तोंडात घातलं. ते गालावरून ओघळलं. "काय? काय?" नीलाबाई विचारतच होती, आणि म्हातारी तिचाच शब्द तिला परत देत होती.

रुद्रभूमीत, म्हणजे आमच्या पुरायच्या जागी, जाताना वीरण्णानं मलाही नेलं. तिथं कुणाच्या तरी हातून उघडेल, निदान दोन थेंब अंगावर पडतील, म्हणून. नाही उघडलं. मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. खाली महानंदा मांडी घालून बसलेली. डाव्या तळव्यावर तिचं लिंग. उजवा हात मांडीवर उताणा, बोटं किंचित वळलेली, काहीतरी धरायला ठेवलेली. माती त्या हातात पडली. एक धक्का पुरे होता, मी आत पडलो असतो. पण वीरण्णानं मला जपून उचललं आणि घरी आणलं.

आता ही मंडळी लातूरला राहतात. काचेच्या कपाटात मी असतो, मोठ्या आईची आठवण म्हणून. शहरात आगगाडीनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात नीलाबाईनं घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवलं. मलाही काढलं, झाकणाशी झटली आणि परत ठेवून दिलं. "कामाचा न्हाई," म्हणाली.

कामाचा आहे, बाई. माझं एक काम राहिलंय. झाकण उघडत नसेल तर गळा कापा. कासाराकडे नाही तर लोहाराकडे न्या, पण उघडा. आणि उघडायचं नसेल तर असाच उदगीरला न्या. तिच्या उजव्या अंगाची माती थोडी उकरा.

सुरुवातीला मी म्हणालो, मी तांब्या बोलतोय. आता तेवढी खात्री देता येत नाही. गळ्यावर नाव मलप्पाचं आहे, पोटात देव मलप्पाचा आहे, आणि भर दुपारी कुणी वाण्याला हाक मारली की ओ माझ्या तोंडाशी येते. मी कोण ते तुम्हीच ठरवा. मला फक्त तिच्या हातात नेऊन द्या. तिचा हात अजून उघडाच आहे.