सहावं पचक्खाण

जळगावच्या दाणा बाजारात दुकान उघडलं, की सुरेशचंद शेठ आधी स्वतःच धान्याच्या काट्यावर उभे राहत. डिसेंबरात वजन घटवायचं ऑपरेशन झालं तेव्हा एकशे एकतीस किलो होते. पर्युषण लागलं तेव्हा भरले ब्याऐंशी.

"शेठ, कितला बारीक व्हयी ग्यात!" भिकन हमाल म्हणाला. "आते लगीन लावा दुसरं."

"आधी अठ्ठाई," शेठ हसले. आठ दिवस फक्त उकळलेल्या पाण्यावर. साखरेच्या दुखण्यापायी वीस वर्षं राहून गेलेलं तप.

त्यांच्या पत्नी चंदनबाईंचं लक्ष मात्र काट्याकडे नव्हतं, जिन्याकडे होतं. जैन स्थानकाच्या वरच्या सभागृहाला बावीस पायऱ्या. ऑपरेशनआधी नवरा आठव्या पायरीला टेकायचा. चैत्रात तो न थांबता वर पोचला, तेव्हा बाईंचे डोळे भरून आले होते. श्रावणात वजन आणखी उतरलं, आणि तो अकराव्या पायरीला थांबला.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी शेठना पुन्हा सहा मिनिटं चालवून अंतर मोजलं. चैत्रापेक्षा कमी भरलं.

"चरबीबरोबर मांसही गेलंय, शेठ. वजन घटलं म्हणून हृदयात, फुफ्फुसांत दम आला असं होत नाही. रोज चाला, डाळ-पनीर खा. लांबचा उपवास अजिबात नको."

"हे घरी बोलायचं नाही," गाडीत बसताच शेठ बाईंना म्हणाले.

स्थानकातले महाराजसाहेब पचक्खाण, म्हणजे उपवासाचा नेम, रोज सकाळी त्या दिवसापुरताच देत. पाच सकाळी शेठ हात जोडून उभे राहिले. पाचव्या दिवशी ते सहाव्या पायरीला थांबले आणि दमल्याचं दिसू नये म्हणून गुडघा चोळत राहिले. सहाव्या दिवशी तिसऱ्याच पायरीला. गुडघ्याला हातही लावला नाही. ओठ राखेसारखे झाले होते.

सभागृहात शेठ पुढे झाले. लोक धन्य धन्य म्हणू लागले. तेवढ्यात बायकांतून चंदनबाई उठल्या.

"महाराजसाहेब, यांना देऊ नका."

"भाभी, बसा खाली!" नणंदेनं पदर ओढला. "सगळा समाज बघतोय."

बाई बसल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द त्यांनी सांगितला.

"सुरेशचंदजी, खरं आहे हे?"

"डॉक्टर घाबरवतातच. माझं वजन बघा ना, महाराजसाहेब! पन्नास किलो उतरलो."

"वजन नाही विचारलं मी." महाराजसाहेब म्हणाले. "आज पचक्खाण नाही. खाली जाऊन पारणं करा."

शेठ वळले. बावीस पायऱ्या एका दमात उतरले आणि खालच्या बाकावर बसले. मुलगा अनुज गाडी आणायला धावला. बाईंनी मुगाच्या पाण्याची वाटी पुढे केली.

"चार लोकांत खाली पाहायला लावलंस मला."

"एक घोट घ्या. मग काय बोलायचं ते बोला."

त्यांनी तोंड फिरवलं. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. एक ठोका, दुसरा, मग रिकामी जागा, मग तीन ठोके घाईघाईनं.

वर दुसऱ्या कुणाचं तरी पचक्खाण सुरू झालं.

"अहो, तोंड उघडा."

शेठनी डोळे मिटून घेतले होते. हट्टानं की कशानं, बाईंना कळेना. बोटांखाली पुन्हा रिकामी जागा आली, या वेळी लांब. वाटी तशीच धरून त्या पुढच्या ठोक्याची वाट पाहत राहिल्या.