पाद्रीबुवांची उचकी

हॉलिवूडमध्ये विनोदी पाद्री हवा असला की जेबेझ नॅन्कॅरोला बोलावणं यायचं. इंग्लंडहून आलेले बाकीचे नट बटलर व्हायचे, कर्नल व्हायचे, हा पाद्री. प्रवचन करता करता त्याचा आवाज चढे, शब्दांना सूर फुटे, बोलणं कुठं संपलं नि गाणं कुठं लागलं ते कळत नसे. ऐन रंगात तो एक जोरदार उचकी देई, आणि थिएटर हसून लोटपोट होई.

उचकी त्याची होती. सूर बापाचा. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या कोळीवस्तीतल्या प्रार्थनाघरात बाप असा गात गात देवाचं सांगायचा, तेव्हा दाराशी रेंगाळणारे दारुडेसुद्धा टोप्या काढायचे.

बापाच्या मातीला जेबेझ गेला नाही. चित्रीकरण चालू होतं. वर्षभरानं थोरली बहीण थर्झाच त्याच्याकडे आली.

"उद्या मला स्टुडिओत ने, जेबू."

"ताई, तिथं फार उकडतं गं."

"उकडू दे. बाबांचा सूर कानावर पडून वर्ष झालं. आपल्याकडे सिनेमा बघणं पाप, पण मंडळींना मी सांगितलंय, आमचा जेबू अख्ख्या जगाला प्रवचन करतो. दर रविवारी तुझ्या नावानं प्रार्थना होते."

त्या घटकेला खरं सांगायला हवं होतं. त्यानं पावाचा तुकडा तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक ओरडला, "चला बुवा, होऊ दे!"

जेबेझ बोलू लागला, गाऊ लागला. कोपऱ्यात थर्झानं डोळे मिटले, ओठ हलू लागले. सवयीनं उचकी आली. सगळे खो खो हसले.

"अरे, हसता काय? त्याला पाणी द्या!" म्हणत थर्झा पेला घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर आली. हशा आणखी वाढला. जेबेझ मान खाली घालून पाणी प्यायला.

पुन्हा सुरुवात झाली. या खेपेला तो शेवटपर्यंत नुसता गायला. कुणीच हसलं नाही.

"उचकी कुठाय?"

"आता नाही येणार."

"मग दुसरा पाद्री बघतो मी."

"बघा," जेबेझ म्हणाला आणि अंगातला पाद्र्याचा झगा उतरवू लागला.

घरी जाताना मोटारीत थर्झानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बघ, पाणी प्यायलास नि थांबली की नाही? शेवटी अगदी बाबांसारखं म्हटलंस. मंडळींना सांगेन."

तिच्याकडे बघायचं त्याचं धाडस घरापर्यंत झालं नाही.