इतर: दोन टक्के

तान्ह्या बाळांना लावायच्या पावडरीचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत आला होता. क्ष-किरणांच्या यंत्राने आलेख काढला, तर शंखजिऱ्याच्या, म्हणजे टाल्कच्या, उंच शिखरांच्या पायथ्याशी दोन बुटकी शिखरं चक्क दिसत होती. अ‍ॅस्बेस्टॉस! फुफ्फुसात रुतून बसणारं विष! आणि आमच्या साहेबांनी अहवालात काय लिहावं? ‘शंखजिरं अठ्ठ्याण्णव टक्के, इतर दोन.’

“साहेब, वीस वर्षं खनिजं ओळखतेय. ‘इतर’ नावाचं खनिज मला अजून भेटलं नाही.”

“उगाच राईचा पर्वत करू नका, बाई.”

राई काय! उरलेली पावडर कागदावर घेऊन मी त्यांच्या नाकासमोर धरली. “मारा बघू फुंकर.”

साहेबांनी श्वास रोखून खुर्ची मागे ढकलली.

“बाळांना नाही हो रोखता येत,” म्हणत मी ‘इतर’ खोडलं.